बारक्या मासळीचा पुरावा

औरंगाबादेत राहून समुद्रातले मासे मोजणारा माणूस म्हणजे मी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, आणि सुट्टी लागली की कोकणातल्या एका बंदरावर जाऊन, मासे लाकडी फळीवर ठेवून त्यांची लांबी लिहून आणायचो. मग उस्मानपुऱ्यातल्या खोलीत बसून आकडेमोड. मासळी किती धरावी, जाळ्याची छिद्रं केवढी असावीत, याचा सल्ला त्यावरून सरकारी समितीला पाठवायचा. पाचोडचे नातेवाईक हसायचे, "इथं हिरीत पाणी नाय अन् ह्यो मासे मोजतोय." निदान ते हसायचे तरी. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना तेवढंही कुतूहल नव्हतं. दिवसभर डोक्यात जे चाललंय ते ऐकायला अख्ख्या शहरात एक माणूस नाही, हे फार बोचायचं.

बंदरावरही मी परकाच. आमच्या घरात मासळीचं नाव काढायची सोय नव्हती, त्यामुळे तिथं कुणाच्या घरी जेवलो नाही, कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. सकाळी लिलावाच्या जागेवर फळी मांडायची, दुपारी खानावळीत वरणभात खायचा. एक म्हातारा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, तेवढा शेजारी येऊन बसे. "गुरुजी, आज कोण किती वाढला?" असं विचारे. माझ्या कामाची विचारपूस करणारा जगात तो एकटा.

चार वर्षांच्या मापांवरून मी ठरवलं की इथं माशांची पिल्लं फारशी धरली जात नाहीत, तेव्हा जाळी आहेत तशीच राहू द्यावीत. सल्ला लिहून झाला. पाकीट चिकटवायचं तेवढं बाकी होतं, आणि तांडेल दारात उभा. दोन एसट्या बदलून आलेला, हातात कापडी पिशवी.

आतून आई ओरडली, "कोण आलंय रं? लई वास सुटलाय. भाईरच बसव."

मी त्याला बाहेर पायरीवर बसवलं. 'आत या' म्हणायला जीभ रेटली नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

पिशवीत बोटाएवढी वाळलेली पापलेटं होती. तो म्हणाला, "गुरुजी, लिलावाला येतो तो मोठा मासा. बारका त्याच्या आधीच टोपल्यांतून घरोघर जातो, अंगणात वाळतो. तुम्ही कुणाच्या घरी आला असतात तर दिसलं असतं. असंच चाललं तर नातवंडांना समुद्रात काही राहायचं नाही. फक्त माझं नाव येऊ देऊ नका."

आईने पायरीवरच पिठलं-भाकरी दिली. त्याने ती आवडीने खाल्ली, वर कांदा मागून घेतला. आमच्या घरचं तो जेवला. त्याच्या घरचं पाणीसुद्धा मी कधी प्यायलो नव्हतो.

मी सल्ला फाडला आणि नव्याने लिहिला. जाळ्याची छिद्रं मोठी करा, नाहीतर पापलेट संपेल. त्याचं नाव कुठेही येऊ दिलं नाही. पण नमुना कुठून आला हे नोंदवल्याशिवाय तो पुरावा होत नाही, ही आमच्या शास्त्राची खोड अंगात मुरलेली. म्हणून लिहिलं, 'बंदरावरील सर्वांत वयस्कर तांडेलाने स्वतः औरंगाबादला येऊन हा नमुना दिला.' शब्दही पाळला आणि शास्त्रही, असं वाटून मी स्वतःवर खूश होतो. गाढवपणा, दुसरं काय!

समितीने सल्ला मानला. जाळी बदलायचा हुकूम निघाला, आणि अहवाल मराठीत होऊन मच्छीमार सोसायटीच्या सभेत मोठ्याने वाचला गेला. सर्वांत वयस्कर तांडेल कोण, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पुढच्या सुट्टीत गेलो तर त्याची होडी वाळूत ओढून ठेवलेली. एकही खलाशी तिच्यावर चढायला तयार नव्हता. माझ्या फळीजवळ तर कुणी फिरकलंच नाही. शेवटी त्याच्या दाराशी गेलो. सून म्हणाली, "घरात नाहीत." आतून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी ओळखत होतो. मी खानावळीत परतलो.

औरंगाबादेहून त्याला तीन पत्रं लिहिली, माफी मागितली. दोन वर्षांनी एक कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं.

"गुरुजींस नमस्कार. पापलेट मोठं लागतंय असं सगळे म्हणतात. तुमचं खरं निघालं. आम्ही होडी विकली. यापुढे पत्र धाडू नये. पोस्टमन आमच्या दारात थांबला की लोक बघतात."