न पाहिलेला मिरचीचा कोपरा
मिरचीचं बी वाळत घातलं की येणारा ठसका मला पन्नास वर्षं मागे, शिंदखेड्याजवळच्या एका मळ्यात नेतो. परदेशी जाणाऱ्या बियाण्याचं उभं पीक तपासायची माझी नोकरी, पण धुळ्याची बस चुकू नये म्हणून मी निंबाखाली बसूनच ‘रोग नाही’ असं लिहून शिक्का मारला. मळेवाली अक्का म्हणाली, “भाऊ, त्या कोपरामा रोग शे, देखी ल्या.” “झालं आता,” म्हणत तो रोगट कोपरा न बघताच मी निघालो. पुढे मी तपासणीला गेलो असताना व्यापाऱ्याच्या गोदामात तिचं बियाण्याचं पोतं अर्धंच निघालं, तेव्हा त्याने माझ्यासमोरच कारण विचारलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “या भाऊनीच सांगं, कोपरानी झाडं जाळी टाका.” खरं तर ती झाडं तिने आपणहून जाळली होती. व्यापाऱ्याने कौतुकाने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायलो, आणि जाळलेल्या झाडांच्या त्याच गोष्टीवरून घरात अजूनही सगळे मला कडक साहेब समजतात.