जीप न गेलेली गावं

गाडीच्या टपावर धूळ साचते, तसे किस्से साचतात. हे पुसले नाहीत, म्हणून राहिले.

मी धुळ्याच्या एका दवाखान्यात ड्रायव्हर. तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची जीप माझ्या ताब्यात. सोबत डॉक्टर आणि सिस्टर. योजना देशातल्या सगळ्यांसाठी होती. जीप मात्र डांबर संपलं की वळायची. पिंपळनेरच्या पलीकडच्या पाड्यांवरचे पेशंट यायचे ते उशिराच. मला ते खुपायचं.

*

फैजपूरला तिसरा कॅम्प. पहिलेच एक केळीवाले आबा तोंड उघडून म्हणाले, "घ्या! मागच्या दोन्ही वेळी होतं तसंच आहे!"

जाताना त्यांनी जीपमध्ये केळीचा घड टाकला. "पुढल्या वर्षी या!"

मी म्हणालो, "आबा, दुसऱ्यांची तोंडं राहिलीत."

*

पाचोऱ्याजवळ सिस्टर एका अक्कांचा फॉर्म भरत होत्या. बिडी? नाही. तंबाखू? नाही. दारू? अक्कांनी कान धरले.

डॉक्टरांनी टॉर्च मारला. दात काळेकुट्ट!

"मिसरी शे. ती ते दात घासाले!"

भाजलेल्या तंबाखूची मिसरी, दिवसातून पाच वेळा! वरून आलेल्या फॉर्मात तिचा रकानाच नव्हता. तेव्हापासून सिस्टरांचा पहिला प्रश्न ठरला, "दात कशाने घासता?"

*

त्याच गावात सासरे रांगेत उभे, म्हणून सुना तोंड उघडेनात. सिस्टरांनी सगळ्या सासऱ्यांना चहाला पाठवलं. चहा संपेपर्यंत चाळीस सुना तपासून झाल्या!

*

एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. भिंतीवर नकाशा. जिथला पेशंट सापडला, तिथे लाल टाचणी. पश्चिमेचा कोपरा कोरा.

साहेब खूश. "वा! तिकडे कॅन्सरच नाही!"

मी दारात किल्ली घेऊन उभा होतो. "साहेब, तिकडे जीपच गेली नाही."

डॉक्टर बुटांकडे बघू लागले.

"हा कोण?"

"ड्रायव्हर."

"मग उद्याच जा ह्याच्याबरोबर!"

*

गेलो. शेवटचा रस्ता चालत, तपासणीची पेटी माझ्या खांद्यावर. पाड्यावर कोणी पुढे येईना; जो तो म्हणे, मला काही झालेलं नाही. शेवटी एक आजी आली. तिचं तोंड बघून झालं, आणि मग तिनेच घराघरातून माणसं ओढून आणली. एकाच्या गालात जखम निघाली. त्याला सोबत न्यायचं ठरलं.

मी पेटी बंद करायला लागलो. आजीने कमरेवर हात ठेवले.

"बठ्ठासनं तोंड दखं. ह्या डायवरनं कोन दखी?"

डॉक्टर हसले. "नाना, सगळ्यांचं बघितलं, तुमचंच तोंड राहिलं. बसा."

"मला काही झालेलं नाही."

आजी म्हणाली, "आम्हीबी हाईच सांगं!"

बसलो. तोंड उघडलं. टॉर्च आजीने धरला.

"मोठं उघड!"