जुन्या प्रोसेसरवरचा आवाज

ऑफिसात त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. विटा-सिमेंटशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दुकानातले वजनकाटे, बसस्टँडवरची तिकिटांची यंत्रं, दवाखान्यातले रिपोर्ट छापणारे संगणक, अशा नाना ठिकाणी चालणारं सॉफ्टवेअर त्याची कंपनी लिहायची. लिहिलेलं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष यंत्रात बसत नाही अशी बोंब उठली, की मिस्त्रीला पुढे केलं जायचं. आणि बोंब रोज उठायची. कारण यंत्राच्या पोटातला प्रोसेसर सगळीकडे एकाच घराण्याचा नसतो. एका घराण्यासाठी बांधलेलं पॅकेज दुसऱ्यापुढे ठेवलं, तर तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सॉफ्टवेअर तेच, पण प्रत्येक घराण्यासाठी ते नव्यानं बांधावं लागतं. ही गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही आणि आतल्यांच्या लक्षात राहत नाही, म्हणून मिस्त्रीची नोकरी टिकून होती.

त्या ऑफिसात एक नियम होता. 'माझ्याकडे तर चालतंय' असं जो म्हणेल, त्यानं आपला संगणक उचलून गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेवायचा. नियम चेष्टेत निघाला होता, पण मॅनेजरबाईंना चेष्टा कळत नसे. त्यामुळे एका किराणा दुकानात वजनकाट्याशेजारी मिस्त्रीच्या एका सहकाऱ्याचा अख्खा संगणक मांडलेला होता. पडद्यावर त्याच्या बायकोमुलांचा फोटो होता, आणि साखर मोजून घेता घेता गिऱ्हाइकं त्या मुलांच्या शाळेची चौकशी करायची. सहकारी बिचारा तेव्हापासून जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत बसून काम करत होता.

अशा ऑफिसात मुरलेल्या माणसानं स्वतःच्या घरात काय करावं? तर नेमकं तेच करावं, जे करू नका म्हणून तो दिवसभर जगाला सांगत असतो.

मिस्त्रीचे सासरे भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की कांद्याचा भाव बटाट्याच्या रांगेत ऐकू जाई. वेग असा, की समोरचा तोंड उघडेपर्यंत माल तिसऱ्याच्या गाडीत. हाच वेग ते घरीही वापरत. सासूबाई "मी काय म्हणत होते" एवढं म्हणेपर्यंत त्यांचं उत्तर देऊन झालेलं असे, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या प्रश्नाचं असे. मग एका वर्षी घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज नाही.

तेव्हा मिस्त्री कामाला लागला. ऑपरेशनच्या आधी त्यानं सासऱ्यांना खोलीत बसवलं, आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि ढीगभर वाक्यं वाचून घेतली. 'आज आकाश निरभ्र आहे' हे वाक्यही सासऱ्यांनी असं वाचलं, की आकाश विकायला काढलंय असं वाटावं. ते ध्वनिमुद्रण त्यानं दोन माणसांच्या एका छोट्या कंपनीला दिलं. त्यांनी त्यातून एक पॅकेज करून दिलं. आता लॅपटॉपवर टाइप करायचं, की सासऱ्यांचाच आवाज बोलणार.

"बाबा, गळ्यातला जाऊ द्या," मिस्त्री तेव्हा म्हणाला होता. "हा कुठे जात नाही. माझा शब्द."

आणि खरंच बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. सासऱ्यांची बोटंही जिभेइतकीच चपळ निघाली. सासूबाईंचं वाक्य पूर्वी जिथे तुटायचं तिथेच आताही तुटू लागलं, तेव्हा माणूस बरा झाला अशी घरच्यांची खात्री पटली.

मग लॅपटॉपनं मान टाकली. सासऱ्यांच्या परगावच्या मुलानं, म्हणजे मिस्त्रीच्या मेव्हण्यानं, नवा पाठवला. पातळ, देखणा आणि वेगळ्या घराण्याचा. मिस्त्रीनं जपून ठेवलेलं पॅकेज त्यावर चढवलं, तर यंत्रानं एका ओळीत सांगून टाकलं, हे माझ्यासाठी नाही. मिस्त्रीनं जबरदस्तीनं बसवायचा आदेश दिला. यंत्र म्हणालं, बसवलं. सासऱ्यांनी टाइप केलं आणि काहीही झालं नाही. जेवायचं नाही म्हणून रुसलेला पाहुणा ताटावर नुसता बसून राहावा, तसं ते पॅकेज आत बसून राहिलं.

नव्यानं बांधायला मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्रामरनं हातानं लिहिलेला सोर्स कोड, हवा. तो मिस्त्रीनं त्या कंपनीकडून घेऊनच ठेवला नव्हता. जगाला वर्षानुवर्षं 'प्रत्येक घराण्यासाठी बांधून ठेवा' म्हणून बजावणाऱ्या माणसानं सासऱ्याचा आवाज एकाच प्रोसेसरच्या भरवशावर ठेवला होता. का? तर आपल्याकडे चालतंय म्हणून. कंपनीला फोन केला तर तो नंबर आता एका केशकर्तनालयाचा होता.

मेव्हण्यानं फोनवरून तोडगा काढला. "अहो, त्यात तयार आवाज आहेत की. त्यातला लावा."

लावला. एका तरुण बाईचा गोड आवाज म्हणाला, "पंखा कमी कर." सासरे यंत्राकडे बघत राहिले. पुरुषाचा लावला, तर बातम्या सांगितल्यासारखा तोच पंखा पुन्हा आला. सासूबाई पदर सारखा करत उठून आत गेल्या.

"परका माणूस घरात बोलतोय," त्या म्हणाल्या. "मला अवघडल्यासारखं होतं."

सासऱ्यांनी झाकण मिटलं. पाटी दिली, तिला हात लावला नाही. खुणाही करेनात. भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. इतक्या वर्षांच्या दणदणाटानंतर ते घर असं शांत झालं, की शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर काळजीनं डोकावून गेले. मिस्त्रीला रोज ऑफिसातून येताना सासऱ्यांच्या दारात पाय टाकवत नसे. शब्द त्यानं दिला होता.

शेवटी त्यानं नव्या यंत्रात एक दुभाषा बसवला. म्हणजे असा प्रोग्राम, जो जुन्या घराण्याची एकेक सूचना नव्या घराण्याला समजावून सांगतो. दुभाषा प्रामाणिक होता, पण भलताच सावकाश. सासऱ्यांनी टाइप केलं. सगळे श्वास रोखून थांबले. काहीच नाही. मिस्त्री मान खाली घालून पाणी प्यायला उठला, पाणी पिऊन परत आला, तेव्हा खोलीत सासऱ्यांचा खणखणीत आवाज उमटला, "चालतंय का बघा."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांच्या नवऱ्याचा आवाज परत आला होता, फक्त येताना वाटेत रेंगाळत होता.

त्या रेंगाळण्यानं घराची पार उलटापालट झाली. चहा हवा का, हे चहाच्या बरंच आधी विचारून ठेवावं लागे. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "दुखतंय का?" आणि यंत्र म्हणालं, "डाळ-भात." ते आधीच्या प्रश्नाचं उत्तर होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी लागते?" तर यंत्र ओरडलं, "दाबल्यावर." डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं. शेजारीण वाटीभर साखर मागायला यायची, वाट बघून घरी निघून जायची, आणि ती जिना उतरत असताना वरून आवाज यायचा, "डबा खालच्या फळीवर." ती बिचारी पुन्हा वर यायची. काही दिवसांनी ती उद्याची साखर आजच मागून ठेवू लागली.

मिस्त्रीनं यावर ऑफिसातली युक्ती काढली. सासऱ्यांची नेहमीची वाक्यं आधीच बोलवून घेऊन साठवून ठेवली, एका वाक्याला एक कळ. तेवढी आता ताबडतोब येणार, बाकीची दुभाष्याच्या मर्जीनं. नेहमीची वाक्यं कुठली, तर 'पंखा कमी कर', 'कुणी सांगितलं होतं?', 'तुझं नेहमीचं रडगाणं' आणि बाजारातलं ठेवणीतलं 'माल बघून बोला'. घाई असलेल्या माणसाला जे पटकन मिळतं तेच तो वापरतो. सासरे प्रत्येक गोष्टीला यातलंच काहीतरी फेकू लागले. पोस्टमास्तर आनंदानं सांगत आले की मुलीचं लग्न ठरलं, जावई चांगला वाटतो. यंत्रानं क्षणात सांगितलं, "माल बघून बोला." पोस्टमास्तरांनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की तो मुलगा पुन्हा एकदा बघायला गेले.

पण यातूनच एक प्रसंग घडला, आणि त्याला मिस्त्री हजर होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी सासूबाई भाजी निवडत होत्या. "ऑपरेशनच्या दिवशी ना," त्यांनी सुरुवात केली, "मी बाहेर बाकावर बसले होते." सासऱ्यांना ही गोष्ट पाठ होती. बाक टणक म्हणून कुरकुर, डबा वेळेवर आला नाही म्हणून कुरकुर. त्यांनी रडगाण्याची कळ दाबली. पण त्या आठवड्यात मिस्त्रीनं यंत्रात काहीतरी चाळवाचाळव केली होती, त्यामुळे साठवलेली वाक्यंही दुभाष्याकडूनच जात होती. उत्तर आलं नाही, आणि सासूबाईंचं बोलणं पुढे सरकलं.

"बसल्या बसल्या तुमचा आवाज आठवून बघत होते. उद्यापासून नसणार म्हणून. आणि काय सांगू, आठवेचना. इतकी वर्षं ऐकला, आणि ऐन वेळी आठवेना."

सासऱ्यांचा चेहरा पडला. त्यांनी झडप घालून लॅपटॉप मिटला. दुभाष्याला झाकणाचं काय पडलेलं? मिटलेल्या झाकणाखालून, उशी तोंडावर धरल्यासारखा, त्यांचाच आवाज आला, "तुझं नेहमीचं रडगाणं."

सासूबाई उठल्या. निवडलेली भाजी घेऊन आत गेल्या. सासरे दोन्ही हात झाकणावर दाबून बसून राहिले, आणि मिस्त्रीला यंत्राची माफी मागावी की माणसाची हेच कळेना.

तेव्हापासून त्यानं चंगच बांधला. विचारत विचारत तो त्या जुन्या कंपनीतल्या दोघांपैकी एका बाईंपर्यंत पोचला. त्या आता पोहायला शिकवत होत्या. त्या पाण्यात, मिस्त्री बुटांसकट काठावर, आणि मध्ये गटांगळ्या खाणारे विद्यार्थी, अशी ती बैठक झाली.

"मूळ मजकूर आहे घरी," बाई म्हणाल्या. "पाय मारा, पाय मारा. तुम्हाला नाही हो, त्यांना. पण नव्या प्रोसेसरवर आम्ही कधी बांधून बघितलं नव्हतं."

मिस्त्रीनं बांधलं. आधी आठ ठिकाणी अडलं, मग बसलं, आणि सुरू केल्यावर त्यातून जो आवाज आला तो उकळत्या किटलीत वाळू टाकल्यासारखा होता. सासूबाई हातातलं काम टाकून धावत आल्या. कारण अगदी क्षुल्लक होतं. आवाज म्हणजे शेवटी आकडे, काही अधिक, काही उणे. जुनं घराणं त्या छोट्या आकड्यांतले उणे मुकाट्यानं उणेच धरायचं. नव्याला कुणी स्पष्ट सांगितलं नाही, तर ते सगळेच अधिक धरायचं. सासऱ्यांचा अर्धा आवाज त्यामुळे उलटा झाला होता. उणे ते उणेच धर, एवढी एक सूचना घालून पुन्हा बांधायचं काम उरलं.

ते काम चालू असताना सासूबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच घुटमळल्या.

"आता लगेच बोलतील ना हे? पूर्वीसारखं?"

"हो आई. आता थांबायला नको."

"व्हायलाच हवं," त्या म्हणाल्या. कप ठेवला, तरी हलल्या नाहीत. "नाही, चांगलंच आहे. फक्त सांगते हो, जावईबापू. लग्न झाल्यापासून या घरात माझं वाक्य पुरं झालं नव्हतं. या दिवसांत झालं."

मिस्त्रीचे हात थांबले. थोडा उशीर मुद्दाम ठेवणं त्याच्या हातात होतं. एका ओळीचं काम. ओळ त्यानं लिहिलीसुद्धा. मग त्याला भिंतीकडे तोंड करून बसलेले सासरे आठवले आणि त्यानं ती खोडली. कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला अडवायचं, हे पॅकेजात घालण्याची त्याची छाती झाली नाही. सासूबाईंसाठी मात्र त्याला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यानं नवं पॅकेज बसवलं. सासऱ्यांनी बोटं फिरवली आणि घर दणाणलं. पंखा कमी कर, पोराला फोन लाव, पोस्टमास्तरांना सांग मुलगा चांगला आहे, माझं चुकलं. शब्द टाइप होतोय न होतोय तोच बाहेर. मिस्त्रीची बायको टाळ्या वाजवू लागली. सासरे लहान मुलासारखे हसत होते.

"मी काय म्हणत होते," सासूबाई सवयीनं म्हणाल्या, आणि सवयीनंच थांबल्या.

यंत्र गप्प होतं.  गेलं वाटतं पुन्हा. मिस्त्री पुढे झेपावला, पडदा आपल्याकडे वळवला, तपासलं. सगळं नीट चालू होतं. बिघाड कुठे दिसेना. मग त्यानं वर बघितलं. सासऱ्यांनी दोन्ही हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले होते आणि ते सासूबाईंकडे बघत होते.

सासूबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या. मग त्या म्हणाल्या, "मी म्हणत होते, हे यंत्र पुन्हा कधी बंद पडलं तर पाटीवर लिहा, हातवारे करा, भांडी आपटा. काहीही करा. पण असे गप्प नका बसू. तुम्ही गप्प होतात तेव्हा मला या घरात भीती वाटायची. झालं माझं."

झालं म्हटल्यावरही सासरे थोडा वेळ थांबले. मग त्यांनी एका बोटानं, सावकाश टाइप केलं.

"मला पण."

आवाज त्यांचाच होता, आणि तो लगेच आला.