वर्गाबाहेरच्या चपला

मुरुम गावच्या आमच्या शाळेत शिपाईमामा वर्गात कधी चपला घालून आले नाहीत. हेडमास्तरांची नोटीस असो नाहीतर कोपऱ्यातला माठ भरायचा असो, चपला दाराबाहेर, भिंतीला लावून ठेवलेल्या. आम्ही मात्र बूट घालून बाकांवर नाचायचो. एकदा मी आगाऊपणानं विचारलं, "मामा, देऊळ हाय का हे?" तर म्हणाले, "म्या न्हाय शिकलो लेका. जिथं शिकतेत तिथं पाय तरी नीट ठिवावा."

बोलणं असं मोजकंच. कुणी रडत असलं तर कारण विचारायचे नाहीत; घंटेचा हातोडा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "हाण एक." सराव परीक्षेत मी गणितात नापास झालो, त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा मीच दिली, पाच मिनिटं आधी. बोलणी मामांनी खाल्ली.

पुढं मी लिहायला लागलो. आमच्या दहावीच्या वर्गावर लिहिलेला सिनेमा पोरांनी डोक्यावर घेतला. त्यात मामा एकाच प्रसंगात होते: शाळेचा शेवटचा दिवस, रिकामा वर्ग आणि दाराशी चपला. त्याआधी मी त्यांना विचारायला गावी गेलो होतो. "लिव की," म्हणाले, "खरं हाय तेवढं लिव."

मग एका वाहिनीला त्याच सिनेमाची विनोदी मालिका हवी झाली. सिनेमातली पोरं दोन तासांत मोठी होतात. मालिकेतल्यांनी मोठं व्हायचंच नसतं, त्यांना रोज नवा घोळ लागतो. तिसऱ्या आठवड्यातच माझे घोळ संपले. बैठकीत कुणीतरी म्हणालं, "त्या शिपायाच्या चपला गायब झाल्या तर?" खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. मग चपला कधी झाडावर, कधी हेडमास्तरांच्या टेबलावर, शिपाई "माझ्या चपला!" म्हणून अनवाणी पळतोय आणि मागून हशा. या वेळी मी गावी विचारायला गेलो नाही. सवड नव्हती, असं स्वतःला सांगितलं.

मामांच्या निरोप समारंभाला शाळेनं पाहुणा म्हणून मलाच बोलावलं. कार्यक्रम आमच्याच दहावीच्या वर्गात होता. मामांचं नाव पुकारलं, तशी पोरं दाराकडं बघून आधीच खिदळायला लागली. मागून एकानं आरोळी ठोकली, "माझ्या चपला!" मी लिहिलेलं वाक्य.

मामा दारात थांबले. खाली पाहिलं, आणि चपलांसकट आत आले.

शाल मीच घातली. नजर वर होईना. हळूच म्हणालो, "मामा, चपला..."

"वरीस झालं, न्हाय काढत," ते म्हणाले. "काढल्या की पोरं लपवतेत. दोनदा अनवाणी घरी गेलो. तुमचं बरं चाललंय न्हवं?"

लेका म्हणणारा माणूस मला 'तुम्ही' म्हणाला. पण मला भाषण करायचं होतं. मामांच्या साधेपणावर बोललो; टाळ्याही पडल्या.

पोरं पांगली, तसं मामांनी खिडकीतलं फडकं उचललं. शाल खांद्यावर तशीच होती. ते खाली बसले आणि खुर्चीपासून दारापर्यंत उमटलेले आपल्या चपलांचे ठसे एकेक करून पुसत बाहेर गेले.