लेकीचं जहाज

उभ्या गाडीत नाना कधी चढले नाहीत. एसटी असो, रेल्वे असो की कोणाच्या लग्नाला निघालेली भाड्याची जीप असो, ती येताना त्यांनी स्वतः पाहिलेली असली पाहिजे. फलाटावर गाडी आधीच लागलेली असली तर ती सोडून द्यायचे आणि पुढच्या गाडीची वाट बघत बाकावर बसायचे. त्यांच्यापायी एकदा आम्ही सगळे जळगावला लग्न लागून गेल्यावर पोचलो होतो. कोणी चिडलं की शांतपणे म्हणायचे, "गाडी येते तेव्हा ड्रायव्हर समोरून दिसतो. ज्याच्या भरवशावर बसायचं, त्याचं तोंड तरी पाहायला नको का?"

नाना धुळ्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी काचेच्या केबिनमध्ये माइकसमोर काढली. इतर लोक गाडीचं नाव आणि फलाट सांगून मोकळे व्हायचे. नाना मात्र सांगायचे, "सोनगीरमार्गे जाणारी गाडी आता फाटकातून आत येत आहे. पुढच्या काचेला झेंडूची माळ आहे. मागचा पत्र्याचा कोपरा चेपलेला आहे." साहेबांनी एकदा विचारलं, एवढं वर्णन कशाला? नाना म्हणाले, "साहेब, ज्याला पाटी वाचता येत नाही, त्यानं गाडी ओळखायची कशी?"

आमच्या आणि नानांच्या घरांत मधे एकच भिंत होती. संध्याकाळी त्यांच्याकडे बुद्धवंदना सुरू झाली की आमच्याकडे स्वयंपाकाला लागायची वेळ झाली असं आई समजायची. नाना मूळचे सोनगीरचे. त्यांची बायको, जिला सगळी कॉलनी अक्का म्हणायची, पहूरकडची. दोघांची बोली वेगळी आणि त्यावरून रोज एकमेकांची चेष्टा. त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता माझ्या वर्गात होती. मी शिक्षिका होऊन धुळ्यातच राहिले. सुजाता नाशिकला हॉटेलचं शिक्षण घेऊन थेट जहाजावर गेली, प्रवाशांच्या मोठ्या जहाजावरच्या बेकरीत. नाना निवृत्त झाले होते, तरी मुद्दाम स्टँडवर जाऊन जुन्या लोकांना चहा पाजत सांगायचे, "आपली पोरगी समुद्रावर पाव भाजते."

सुजाता अशीच दूर समुद्रात असताना अक्का गेल्या. ताप साधा वाटला होता, तो डोक्यात गेला. सुजाताला निरोप पोचला तेव्हा पुढचं बंदर यायलाच कितीतरी दिवस होते. ती फोनवर रडत म्हणत होती, "मी येते नाना, मी कशीही येते." नाना म्हणाले, "आता घाई करू नको." आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. ती मधे सुट्टीवर आली, तेव्हा तिच्यासाठी भाजी आणायचे, तिचं अंथरूण घालायचे, पण समोर बसले की वर्तमानपत्र उघडायचे. ती परत गेल्यावर तिचे फोन मला यायला लागले. नाना जेवले का, गोळी घेतली का. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "राग आहे का तिच्यावर?" अंगणातल्या तुळतुळीत फरशीकडे पाहत ते म्हणाले, "होता. आता राग नाही. पण बोलायला गेलो की तिची आई समोर येते. मग कुठून सुरू करू?"

एका हिवाळ्यात तिचं जहाज काही महिन्यांसाठी मुंबईला आलं. मुंबईहून निघून दोन-तीन दिवसांत परत यायचं, अशा फेऱ्या होत्या. सुजाताने नानांचं तिकीट काढलं आणि मला कळवलं. नाना नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "जहाज बंदरात केव्हा येतं? बसायच्या वेळचं सांगू नको, येतं केव्हा ते विचार."

ते सकाळीच यायचं आणि नवे प्रवासी दुपारी घ्यायचं. म्हणून आम्ही आदल्या दिवशी चाळीसगावहून रेल्वेने निघालो, कल्याणला माझ्या मावशीकडे मुक्काम केला आणि उजाडायला गेटवेजवळच्या समुद्राच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिलो. नानांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. गार वारा होता. मी शाल दिली, ती त्यांनी घडी करून कठड्यावर ठेवली आणि त्यावर हात टेकले.

जहाज प्रथम दिसलं तेव्हा ते चालतं आहे असं वाटेना. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुजाता होती. "नाना आलेत का गं?" मी हो म्हणणार, तोच नानांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"कोठे शे तू?" त्यांनी आपल्या सोनगीरच्या बोलीत विचारलं.

तिचा आवाज मलाही ऐकू आला. "खाली, नाना. बेकरीत. जरा वेळ मिळाला म्हणून लावला."

"तुले बंदर दिसस का तिथून?"

"इथे खिडकी नाही, नाना. इतकी वर्षं झाली, जहाज बंदरात येताना मी कधी पाहिलंच नाही."

नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. घसा साफ केला. "मग ऐक," म्हणाले. आणि मी कित्येक वर्षांनी त्यांचा तो स्टँडवरचा आवाज ऐकला, स्वच्छ, सावकाश. "जहाज आमच्या उजव्या हातानं येत आहे. रंग पांढरा. ऊन पलीकडून आहे, म्हणून आमच्या बाजूच्या खिडक्यांत अजून दिवे दिसतात. पुढे एक छोटी बोट आहे. मासेवाल्यांच्या होड्या बाजूला झाल्या. वरच्या मजल्यावर माणसं उभी आहेत, एका बाईनं लाल शाल घेतली आहे. आता ते आमच्या अगदी समोर आहे. पाणी इथे कठड्याला लागलं बघ, तुझ्या जहाजानं हललेलं." ते थांबले. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "ऊनं, बेटा, आलं. तुझं जहाज ऊनं."

फोन परत घेताना मी म्हटलं, "नाना, ड्रायव्हर काही दिसला नाही."

"राहू दे," ते म्हणाले. "पोरगी आत आहे."

दुपारी बंदराच्या दारापाशी मी त्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. रांगेत सगळे फोटो काढत होते. त्या हौशी गर्दीत पांढऱ्या सदऱ्यातले नाना वाट विचारत विचारत आत गेले.

ते परतले तेव्हा मी घ्यायला गेले होते. रेल्वेने परत निघालो. चाळीसगावला उतरून धुळ्याची एसटी धरली, कपाशीची शेतं सुरू झाली, तेव्हा नाना बोलायला लागले. जहाजावर सुजाताला प्रवाशांत फार वेळ बसता येत नव्हतं. दुपारच्या सुट्टीत ती एप्रनवरच त्यांच्या खोलीत यायची.

"तिला तिच्या आईचं सगळं सांगितलं," नाना म्हणाले. "ताप कधी चढला, दवाखान्यात कोण कोण होतं, शेवटी पाणी कोणी पाजलं, कोणतं लुगडं नेसवलं. बठ्ठं सांगितलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आपण तिला नुसतं 'गेली' एवढंच कळवलं होतं." मग खिडकीकडे वळून म्हणाले, "ती यायची राहिली म्हणून मी रुसलो. मी सांगायचा राहिलो, ते माझ्या ध्यानातच आलं नाही."

त्यानंतर त्यांचे फोन रोज सुरू झाले. भिंतीपलीकडून त्यांचं बोलणं ऐकू यायचं: बाजारात मेथी आली, अमक्याची नात उभी राहायला लागली, आज वारा पडला. तेवढंच.

गेल्या वर्षी नाना गेले. सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं संपलं. सुजाता पुन्हा लांबच्या समुद्रात होती. तिला यायला वेळ लागणार होता. फोन मीच केला. ती म्हणाली, "तू होतीस ना तिथे?"

"होते."

मी त्यांच्याच ओट्यावर बसले आणि सकाळपासून सांगायला सुरुवात केली. ते दाढी करून बाहेर आले तिथपासून. कुठला सदरा होता, चहा अर्धा कसा राहिला, रिक्षात माझा हात कसा धरला होता, डॉक्टर काय म्हणाले, खिडकीतून ऊन कुठे पडलं होतं. तिच्या मागे भट्टीचा आवाज येत होता. शेवटापर्यंत पोचले तेव्हा ती म्हणाली, "आता परत एकदा सांग. जरा हळू."

मी परत सांगितलं.