एक जूनचा केक

खेड्यात शिकलेल्या माझ्या वयाच्या कितीतरी माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. पोर शाळेत घालताना मास्तर जन्मतारीख विचारायचे, घरच्यांना ती ठाऊक नसायची, मग मास्तर आपल्या मनानं एक जून लिहून टाकायचे. मी स्वतः शिक्षिका आहे, त्यामुळं मला यात नवल वाटत नाही. पण माझ्या लेकीनं पुण्याहून फोन करून सांगितलं, “आई, त्याचे बाबा एक जूनवाले आहेत आणि आयुष्यात त्यांनी कधी केक कापलेला नाही,” तेव्हा मला गंमत वाटली.

‘तो’ म्हणजे तिच्या ऑफिसातला मुलगा. घर पाचोडचं, मोसंबीची बाग, मोठी शेती. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. मुलाचे वडील पहिल्या फोनलाच हो म्हणाले होते. आई मात्र तयार नव्हत्या. त्यांच्या मनात नात्यातली एक मुलगी होती, आणि “बामणाची पोर, शहरात वाढलेली, आपल्यात टिकायची नाय,” असं त्या मुलाला स्पष्ट म्हणाल्या होत्या. आमच्याशी त्या एकदाही फोनवर बोलल्या नव्हत्या. आता एक जूनला तिघं शहरातल्या आमच्या गारखेड्याच्या घरी पहिल्यांदाच येणार होते. लग्नाची बोलणी करायची की नाही, हे त्या भेटीवर होतं.

“तो खोबऱ्याचा चॉकलेट केक करशील ना?” लेक म्हणाली. “तीन थरांचा. पण अंडं नको. त्याची आई खात नाही.”

आमच्या घरात आजेसासूबाईंपर्यंत कुणी अंड्याला हात लावला नव्हता, आणि मी गेली वीस वर्षं अंडी फोडून केक करत आले होते. आता शेतकऱ्याच्या घरासाठी बिनअंड्याचा करायचा होता. म्हटलं, हरकत नाही. दही घालून करू.

एक जूनला सकाळीच नळाला पाणी आलं. आमच्या भागात पाणी आलं की घरातलं बाकी सगळं थांबतं. माझे यजमान मोटर, पाइप आणि ड्रम यांच्यामागे लागले, लेक आदल्या संध्याकाळीच आली होती ती बादल्या भरायला लागली, आणि मी ओट्यापाशी. ओव्हन लहान, एका वेळी एकच भांडं मावतं. बाहेर ऊन इतकं की खिडकीची जाळी हाताला चटके देत होती. पहिला थर छान फुगला. दुसराही. तिसरा आत असताना वीज गेली. पुन्हा येईपर्यंत तो मधोमध बसला होता. तो मी उलटा करून सगळ्यात खाली ठेवायचं ठरवलं.

मधे आणि वर लावायचं सारण हा या केकचा खरा जीव. कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी मंद आचेवर सारखं ढवळत राहायचं, हात थांबला की खाली लागतं. रंग गुळाच्या पाकासारखा तांबूस झाला की उतरवून त्यात भाजलेलं खोबरं आणि सुक्या मेव्याचे तुकडे घालायचे. एरवी मी काजू घालते.

“शेंगदाणे घाल ना आई,” लेक म्हणाली. “त्यांच्या घरचेच आहेत, त्यानं दिलेत.”

“पहिल्यांदा येतायत. शेंगदाणे काय घालायचे?” मी म्हणाले. शहागंजच्या बाजारातून मी मुद्दाम चांगले अक्रोड आणले होते. ते बारीक चिरून, तव्यावर जरा परतून घातले. उकाड्यानं सारण आळत नव्हतं, थर एकमेकांवरून घसरत होते. मी केक फ्रीजमध्ये ठेवला आणि पाहुणे येईपर्यंत दर थोड्या वेळानं दार उघडून बघत राहिले.

जीप दारात थांबली ती भर दुपारी. मुलाचे वडील उंच, रुंद, पण आवाज अगदी मऊ. त्यांनी केशर आंब्यांची पेटी स्वतः उचलून आत आणली. मागून मुलाची आई. किरकोळ बांधा, डोक्यावर पदर, आणि नजर आमच्या घरभर फिरणारी. मी “या ताई” म्हटलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

जेवणं झाली. बोलणं पाऊस, बाग, रस्त्याचं काम असं काठाकाठानंच चाललं होतं. मूळ विषयाला कुणी हात घालत नव्हतं. शेवटी लेकीनं केक आणला, तेव्हा मुलाचे वडील लहान मुलासारखे हसले.

“माझा वाढदिवस? अहो, आई म्हणायची, बाजरी काढायला आली तवा झाला म्हून. एक जून तर मास्तरचा हाय. हा केक मास्तरला नेऊन द्याया पाहिजे.”

सगळे हसलो. मुलाच्या आईसुद्धा पदराआड थोडी. वडिलांनी केक कापला, लेकीनं पहिला तुकडा त्यांना भरवला. “लई भारी,” म्हणत त्यांनी आणखी एक मोठा तुकडा मागून घेतला. मुलाच्या आईनं घेतला नाही. “मला गोड सोसत नाय,” त्या म्हणाल्या. मला ते लागलं, पण मी दुसरा तुकडा यजमानांसाठी कापायला घेतला.

तेवढ्यात वडील तळहात खाजवायला लागले. मग कान. मग घसा साफ केल्यासारखं दोनतीनदा केलं.

“ह्यात मिरं घातलंय का काय?” त्यांनी विचारलं. “जिभंला चुणचुणतंय.”

“नाही हो. मिरं कसं असेल?”

त्यांच्या मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. मुलाच्या आईनं पाहिलं आणि त्या उठल्या. “पित्त उठलं. उन्हाचं बसून आलेत ना. मॅडम, आमसूल हाय का घरात?”

मी धावत जाऊन आमसुलं पाण्यात चुरून आणली. त्या नवऱ्याच्या हातांना, मानेला ते पाणी चोळायला लागल्या. यजमानांनी घरातली पित्ताची गोळी आणली. सगळं रीतसर चाललं होतं. पित्त आपल्याकडं कुणाला उठत नाही? पण मुलाचे वडील “बास, बास, बरं वाटतंय” म्हणाले, आणि तो आवाज मघाचा नव्हता. घोगरा, दाबलेला, जसा काही उशीतून येत होता. वरचा ओठ एका बाजूनं सुजून आला होता.

“दवाखान्यात जाऊ या,” मी म्हणाले.

“दवाखाना कशाला?” मुलाच्या आई म्हणाल्या. “जरा पडू द्या त्यांन्ला. दिवाणावर पंख्याखाली पडले की बसंल पित्त.”

मुलानं वडिलांना आडवं केलं. ते लगेच उठून बसले, शर्टाचं वरचं बटण ओढून तोडलं आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून श्वास घ्यायला लागले. श्वासाबरोबर बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. मुलगा आईकडं बघत होता. माझी लेक माझ्याकडं. यजमान गोळीचं पाकीट हातात धरून उभे.

“पडा म्हणते ना,” त्या नवऱ्याला म्हणत होत्या. आमसुलाचं पाणी चोळणंही थांबवलं नव्हतं.

“पडायचं नाही!” मी ओरडले. शाळेत मी ओरडते, घरी पाहुण्यांवर कधी नाही. “ताई, त्यांना श्वास येत नाहीये. पित्त नाही हे. उठा. गाडी काढ रे तू, किल्ली कुठंय?”

मुलाच्या आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, संपलं. लेकीचं लग्न इथंच संपलं. मग मुलगा किल्ली शोधत पळाला.

जीपमध्ये मागं मधोमध ते, एका बाजूला त्यांची बायको, दुसऱ्या बाजूला मी. पुढं मुलगा आणि लेक. दवाखाना खरं तर लांब नाही, पण चौकात एक ट्रक आडवा लागला होता. मुलगा हॉर्नवरचा हात काढत नव्हता. लेकीनं काच खाली केली आणि रिक्षावाल्यांना ओरडून सांगायला लागली, “भैया, साइड दो, पेशंट है!” एक रिक्षावाला उतरला आणि त्यानंच पुढच्या गाड्या हातानं बाजूला केल्या. मी ज्यांचा हात धरला होता ते माझ्याकडं बघत होते, डोळे मोठे झालेले. बोलता येत नव्हतं. हात गार पडत चालला होता आणि बाहेर अंग भाजणारं ऊन होतं.

“काय घातलं हुतं त्यात?” मुलाच्या आईनं त्यांच्या अंगावरून वाकून मला विचारलं. रागानं नाही, धापा टाकत.

“मैदा. साखर, कोको, दही. लोणी, खोबरं. अक्रोड.”

“अक्रोड?” त्या थांबल्या. “जालन्याला लग्न हुतं भाच्याचं. कसली तरी मेव्याची बर्फी खाल्ली हुती ह्यांनी. त्या टायमालाबी असंच तोंड सुजलं हुतं. आम्ही म्हणलं, गांधीलमाशी चावली आसंल मांडवात.”

“मग ते डॉक्टरांना सांगा. बर्फीचं सांगा, आधी ते सांगा.”

“व्हय,” त्या म्हणाल्या, आणि मग सारखं तेच पुटपुटत राहिल्या, जणू विसरू नये म्हणून. “बर्फी. अक्रोड. बर्फी. अक्रोड.”

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं तेव्हा ओठ निळसर दिसत होते. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी “काय खाल्लं?” विचारलं आणि आम्ही दोघी एकदम “अक्रोड” म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, हातात सलाइन. पडदा ओढून घेतला. आम्ही बाहेर.

ती वाट बघणं मला आजही नीट सांगता येत नाही. भिंतीपाशी लोखंडी बाकडं होतं, पण आम्ही कुणी बसलो नाही. पडद्याखालून नर्सच्या चपला इकडून तिकडं जाताना दिसायच्या. त्या थांबल्या की मी पडद्याकडं एक पाऊल टाकायचे. माझ्या बोटांना अजून लोण्याचा वास येत होता. मला सारखं वाटत होतं, मी या माणसाला स्वतःच्या हातानं विष घातलं. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक विचार, ज्याची मला तेव्हाही शरम वाटत होती: आता या बाई पाचोडला जाऊन काय सांगतील?

तेवढ्यात माझे यजमान स्कूटरवरून आले, हातात स्टीलचा डबा. “डॉक्टरांना तपासायला लागेल म्हणून केकचा तुकडा आणलाय,” ते म्हणाले. ते डबा घेऊन तसेच उभे राहिले.

मुलाच्या आईचा फोन वाजला. त्यांच्या भावाचा होता. कुणीतरी गावाकडं कळवलं असावं. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. “काय खायाला घातलं त्या लोकांनी? मी तवाच म्हणलं हुतं, नको तिथं जाऊ!”

त्या भिंतीकडं तोंड करून बोलल्या. “त्यांनी काय केलं? ह्यांन्ला अक्रोड सोसत नाय, ते आपल्यालाच ठाव नव्हतं. मी तर झोपवत हुते. त्यांनी आणलं दवाखान्यात... व्हय. त्यांनीच. तू नको येऊ आता, फोन ठेव.”

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या.

“तुम्ही माझ्यावर आवाज चढवला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“माझ्यावर आजवर कुणी आवाज चढवला नाय. सासूनंसुदिक.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. मग त्या बाकड्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मी शेजारी बसले. पाठीवर हात ठेवायचा धीर झाला नाही. लेकीनं पाण्याची बाटली आणून त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी घेतली आणि लेकीचं मनगट बराच वेळ सोडलं नाही.

पडदा सरकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळलाय, पण रात्रभर इथं ठेवू, कारण पुन्हा सूज येऊ शकते. आणि अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढं म्हणून त्या औषधांची चिठ्ठी लिहायला लागल्या. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही याचे मी आजही आभार मानते. पुढं सगळ्या तपासण्या होईपर्यंत कुठलाच सुका मेवा खायचा नाही, इंजेक्शन कायम जवळ ठेवायचं, असं त्यांनी दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांबरोबर मी डब्यात भाकरी आणि पातळ मुगाची आमटी घेऊन गेले. ते उशीला टेकून बसले होते. ओठाची सूज उतरली होती, आवाज अजून बसलेला. मला बघून म्हणाले, “मॅडम, केक चांगला हुता बरं का.”

मला हसावं की रडावं कळेना. त्यांच्या बायकोनं “गप बसा” म्हणून दटावलं.

“गप कसा बसू? बोलणी ऱ्हायली की. सगळे हाईतच हितं. उरकून घेऊ.”

“दवाखान्यात?” त्या म्हणाल्या.

“मंग काय झालं?”

असं म्हणून त्यांनी लेकीला आणि मुलाला आत बोलावलं. माझे यजमान पेपर घडी करून पुढं सरकून बसले. मुलाच्या आई पायथ्याची चादर सारखी करत होत्या.

“लग्न पाचोडला करायचं,” त्या चादरीकडंच बघत म्हणाल्या.

म्हणजे लग्न होणार होतं! एवढं कळूनही माझ्या तोंडातून निघून गेलं, “पाचोडला? अहो ताई, मुलीकडचं कार्य मुलीच्या गावात असतं. आमची सगळी माणसं इथं आहेत.”

“आमचं गाव एवढं मोठं. गावाला जेवायला घालावं लागतं. ते काय गाड्या करून हितं येणार?”

“मग आमचे दोनशे लोक उन्हात तिकडं येणार?”

“उन्हात कोण म्हणतंय? थंडीत करू.”

“थंडीत माझ्या दहावीच्या मुलांच्या सराव परीक्षा असतात.”

“मंग त्याला मी काय करू?”

आम्ही दोघी आता पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलत होतो. नर्सनं दारातून डोकावून हळू बोलायला सांगितलं. मुलगा आणि लेक एकमेकांकडं बघत होते. मधे पलंगावर बसलेल्या माणसानं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि उशाशी लटकलेला ऑक्सिजनचा मास्क उचलून आपल्या हातानं तोंडाला लावून घेतला.

लग्न पाचोडलाच झालं. थंडीत.