वरचा थर

माझ्या आत्याचा आवाज आधी येतो आणि आत्या मागून. बागेच्या पॅकिंग शेडमध्ये ती बायकांची मुकादम होती. मी तिची सख्खी भाची, पण गावात लहानथोर सगळे तिला आत्याच म्हणत. पाठ फिरली की मात्र ‘तोफ’. तिला ते पक्कं ठाऊक होतं. चहा गार आला की ती स्वतःच म्हणायची, उगाच तोफेला बत्ती देऊ नका.

संत्र्यांच्या हंगामात तिचं खरं कसब दिसे ते पेटीच्या वरच्या थरात. खाली बारकी, डागाळलेली, खरचटलेली फळं आणि वर एकसारखी, टपोरी, चकचकीत. व्यापाऱ्याला हे माहीत असतं, आम्हालाही असतं आणि दोघंही साळसूद चेहऱ्याने समोरासमोर उभे राहतात. आमच्याकडे याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पेटी सजवणं म्हणतात. आत्याच्या हाताखाली शिकलेली बाई झोपेतसुद्धा पेटी सजवेल. मीही त्यातलीच.

त्या वर्षी तोडणी ऐन भरात असताना नदी फुगली. आमचं गाव उंचावर, त्यामुळे बागा वाचल्या, पण खालच्या गावात छपरांना पाणी लागलं. तिथल्या लोकांना टेकडीवरच्या शाळेत हलवलं होतं. बागायतदार संघाच्या अध्यक्षांनी मदत गोळा करायला शेड मोकळी करून दिली. हा त्यांचा मोठेपणा, आणि तो त्यांनी आम्हाला दिवसभर ऐकवला. घराघरांतून कपडे, ब्लँकेटं, भांडी येऊन पडली. दर कुटुंबामागे एक पेटी असं ठरलं. आम्ही झपाट्याने पेट्या भरल्या, अध्यक्षांनी ट्रॉलीला टेकून फोटो काढून घेतला, आणि आत्या नि मी पहिल्या खेपेबरोबर निघालो.

शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून माणसं फरशीवर बसली होती. दाराजवळच एक म्हातारा सुतार, त्याची सून आणि तिचं तान्हं बाळ. सुतार थंडीने कुडकुडत होता, तरी आम्हाला बघून उठून उभा राहिला. आत्याने त्यांची पेटी स्वतः उघडून दिली. वर कोरं लाल ब्लँकेट. सुनेने ते झटकन बाळाभोवती गुंडाळलं. मग सुताराने खाली हात घातला. बाही उसवलेला कोट निघाला. एकाच पायाचा बूट. टिकल्या गळालेला नाचाचा झगा. आणि तळाशी, हसू नका, पोहायचा पोशाख. पुरातून वाचलेल्या माणसाला आम्ही पोहायचा पोशाख पाठवला होता.

सुताराने एकेक वस्तू घडी घालून परत पेटीत ठेवली.

“एक तरी चांगलं आहे,” तो म्हणाला. “उपकार झाले, बाई.”

तो उपकार हा शब्द ऐकून आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वर्गातल्या बाकीच्या पेट्या उपसल्या. सगळीकडे तीच कथा, वर नवं आणि खाली भंगार. परतीच्या वाटेवर ट्रॉलीत तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. गावातल्या एकालाही तिने सोडलं नाही. देणाऱ्यांचे हात झडोत, असंही म्हणाली. मी म्हटलं, पण लोकांनी चांगलंही दिलं होतं की, ढिगात कितीतरी ब्लँकेटं होती. मग ती गेली कुठे, असं ती माझ्यावरच खेकसली.

ती शेडमध्येच होती. कोपऱ्यात, नीट रचून ठेवलेली. पुढच्या पेट्यांच्या वरच्या थरासाठी आम्ही ती राखून ठेवली होती. आम्हाला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणाच्या मनात पापही नव्हतं. आमच्या हातांनी नेहमीचं काम केलं, एवढंच. अजूनही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

ते बघून आत्या गप्प झाली. आत्या गप्प झाली की शहाण्याने लांब व्हावं. तिने भरून ठेवलेल्या सगळ्या पेट्या जमिनीवर पालथ्या केल्या, चिंध्या निवडून हातगाडीत टाकल्या आणि गावात शिरली. कुणाच्या दोरीवर काय वाळत असतं हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. तिने ज्याचं त्याच्या दारात नेऊन टाकलं. आमच्याही दारात एक गाठोडं पडलं. माझ्या आईने तिच्याशी तेव्हापासून अबोला धरलाय.

अध्यक्ष धावत आले. ते म्हणाले, पेट्या निम्म्या होतील, आपण सगळीकडे आकडा सांगून बसलोय, आणि लोकांच्या तोंडावर असं फेकल्यावर उद्या कोण काय देईल?

“मनापासून दिलेलं सगळं पेटीत जाईल,” आत्या म्हणाली. “कपाट रिकामं करायला दिलेलं मी परत केलंय. पेट्या माझ्या पद्धतीने गेल्या नाहीत, तर उद्या तुमच्या बागेत माझी एक बाई पाय ठेवणार नाही. संत्री तुमची तुम्ही तोडा.”

झाडं लगडलेली होती. अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं, पण ट्रॅक्टर दिला. आत्याने स्वतः पेट्या भरल्या, तळापासून वरपर्यंत ब्लँकेटं, कोरडे कपडे, दुधाच्या पावडरचे डबे. पेट्या कमी झाल्या, पण एकेक उचलायला दोघी लागत होत्या. वाटभर ती खुशीत होती. पहिली पेटी सुताराला, असं तिने मला दोनदा बजावलं.

सून आणि बाळ त्या लाल ब्लँकेटमध्ये एकमेकांना चिकटून झोपली होती. सुताराच्या खांद्यावर गोणपाट होतं. आत्याने पेटी त्याच्यापुढे ठेवून झाकण काढलं. त्याने वरचं ब्लँकेट उचलून मांडीवर घेतलं आणि पेटी हलक्या हाताने आमच्याकडे सरकवली.

“काका, खालचं बघा तरी,” आत्या म्हणाली.

“बघितलंय मागे, बाई. राहू दे. हे एक पुरे.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर आत्या त्याला पुरून उरली असती. ती खाली बसली आणि पेटीतून एकेक ब्लँकेट काढून त्याच्यापुढे मांडू लागली. सुतार मात्र, तिला लाज वाटू नये म्हणून, मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिला.